सतरा नंबरची जागा

इंग्लंडमधल्या हॅडनफर्डच्या बाजारचौकात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली, सतरा नंबरची जागा आहे. आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद. फरशीवर पिवळ्या रंगाने आकडा काढलेला आहे, त्यातला सातचा पाय आता पुसट झाला आहे. दर शनिवारी तिथे बटणांचा स्टॉल लागतो. ४ एप्रिल १९९२ पासून ११ जानेवारी २०२४ पर्यंत तो उल्हास पतंग्यांच्या नावावर होता. त्यानंतर तो नीना पतंग्यांच्या नावावर कसा झाला, त्याची ही हकिकत.

नीना मूळची बार्शीची, रेळेकरांच्या घरातली. वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या एका कोपऱ्यात शिंप्यांना लागणारा किरकोळ माल असे. शाळा सुटली की ती तिथे पायरीवर बसायची. वडील गिऱ्हाईक नसलं की तिला डोळे मिटायला सांगत आणि तळहातावर एक बटण ठेवत. "बोल."

"शिंपल्याचं. चार भोकांचं."

"आणि हे?"

"शिंगाचं. जुनं आहे. कडा झिजलीय."

दहाव्या वर्षी ती चुकत नसे. "पोरीच्या बोटांना डोळे आहेत," असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या काळी ते कौतुकापुरतंच होतं. पुढे ती बोटं पोट भरतील, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१९८४ च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. उल्हास तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. त्यांचे वडील साठच्या दशकात व्हाउचरवर, म्हणजे सरकारी कामाच्या परवान्यावर, लंडनच्या हाउन्सलोला आले, मागोमाग बायको आणि दोन मुलं. थोरले शशिकांत विमानतळावर बस चालवू लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिले. उल्हास मात्र घराण्याच्या, शिंपीकामाच्या वळणावर गेले. हॅडनफर्डला रेनकोटचा एक कारखाना होता, तिथे ते कापणी खात्यात लागले. मिल्टन कीन्सपासून अर्ध्या तासावरचं हे लहानसं गाव. दोन चर्च, एक नदी, एक बाजार. नीना आली तेव्हा गावात मराठी बोलणारी माणसं दोन होती, ती आणि उल्हास. पुढे मुलगी मालविका झाली आणि तीन झाली.

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी गोदाम रिकामं करताना मुकादमाने उल्हासना विचारलं, "ही बटणं नेतोस का? नाहीतर कचऱ्यात जातील." पत्र्याचे त्रेचाळीस डबे. उल्हासनी ते दोन खेपांत घरी आणले आणि पुढच्या खोलीत रचले. नीनाने एकेक डबा चादरीवर ओतला. बाकी बायका नवऱ्याची नोकरी गेल्यावर रडतात. हिने तीन आठवडे बटणं निवडली. भोकांप्रमाणे, आकाराप्रमाणे, मालाप्रमाणे. प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतल्या मालाचा एकेक नमुना दोऱ्याने ओवून लावला. चिठ्ठी एकाही डब्यावर लावली नाही.

"लेबल लाव की," उल्हास म्हणाले.

"लेबल वाचतं कोण? दाखवलं की कळतं."

बाजारातला त्यांचा पहिला शनिवार पावसात गेला. दुपारी एक वाजता खाटीक आला, ॲप्रनचं एक बटण हवं म्हणाला. पलीकडचा कापडवाला बटणं डझनानेच विकत असे. उल्हासनी एक दिलं. "एक हवं तर एकच," ही त्यांची रीत पडली आणि ती गावाला आवडली. दुकानात पाकिटात सहा बटणं मिळतात, माणसाचं हरवतं एक. उल्हास बोलायचे, थट्टा करायचे, प्रत्येकाच्या कुत्र्याचं नाव लक्षात ठेवायचे. नीना मागे स्टुलावर बसून बटण शोधून द्यायची. लोक त्यांना "बटणवाले" म्हणत, पण खरं बटण कोणाला सापडतं, हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

बत्तीस वर्षं हे असंच चाललं. चेन आल्या, लेस आल्या, लोकरीचे गुंडे आले. मालविका शिकली आणि मँचेस्टरला एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट झाली. मग ११ जानेवारीला, गुरुवारी, सकाळी सव्वासातला उल्हास जिन्यात बसले आणि उठले नाहीत. अडुसष्ट वर्षांचे होते. आजार काही नव्हता.

घरात अचानक मृत्यू झाला की इथे देह कॉरोनरकडे, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. मग तपासणी, मग कागद, मग स्मशानगृहाची वेळ. ती वेळ मिळाली २ फेब्रुवारीची. बावीस दिवसांनी.

आपल्याकडे माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत त्याला अग्नी मिळतो. त्यामुळे सुतक कधी धरायचं, हा प्रश्न बार्शीत कोणाला पडत नाही. नीनाने गेल्या दिवसापासून धरलं. देवघर झाकलं. सुई हातात घेतली नाही, कारण शिंप्याच्या घरी सुतकात सुईला शिवत नाहीत. बटणांचे डबे पुढच्या खोलीत चादरीखाली राहिले. १३ तारखेचा शनिवार गेला, २० चा गेला. सुतक दहा दिवसांचं, पण तिने तेराव्यापर्यंत धरलं. २३ ला, मंगळवारी, तेरा दिवस भरले. तिने डोक्यावरून अंघोळ केली, देवासमोर दिवा लावला आणि डब्यांवरची चादर काढली. येत्या शनिवारी उभं राहायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

बुधवारी हाउन्सलोहून शशिकांत भावजींचा फोन आला. वयाने ते त्र्याहत्तर, पण आवाज अजून बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचेल असा.

"दिवा लावलास म्हणे?"

"हो भावजी. काल तेरा दिवस झाले."

"कसले तेरा? अगं, अजून त्याला अग्नी मिळाला नाही. तो तिकडे थंड खोलीत पडलाय आणि तुझं सुतक संपलं? सुतक दहनापासून."

"बार्शीच्या गुरुजींना विचारलं मी. ते म्हणाले, गेल्या दिवसापासून."

"बार्शीच्या गुरुजींना काय ठाऊक इथलं? इथले गुरुजी म्हणतात दहनापासून."

दोन गुरुजी आणि दोन उत्तरं. नीनाने वाद घातला नाही. भावजींचं दुखणं तिला माहीत होतं. जाऊबाई २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने हॉस्पिटलात गेल्या. भावजींना शेवटचं बघताही आलं नाही. स्मशानगृहात लांब लांब मांडलेल्या सहा खुर्च्या, ना दहावं, ना तेरावं. तेव्हापासून ते म्हणत, "आमच्या घरात आता कोणाचं काही अर्धवट राहणार नाही." अशा माणसाला काय सांगायचं? तिने दिवा शांत केला आणि डब्यांवर चादर पुन्हा घातली. २७ तारखेचा शनिवारही गेला. एका माणसाचं तिने दोनदा सुतक धरलं, आणि तिची चूक झाली ती इथे.

कारण सोमवारी, २९ तारखेला, कौन्सिलचं पत्र आलं. मालविका रजा घेऊन आली होती, तिने वाचून दाखवलं. आधी दुःख व्यक्त केलं होतं, मग नियम. बाजारातल्या जागेचा परवाना माणसाच्या नावाने असतो आणि माणसाबरोबर संपतो. हयात जोडीदाराला तो आपल्या नावावर करून घेता येतो. मात्र मृत्यूपासून चार आठवड्यांच्या आत बाजाराच्या दिवशी त्याने स्वतः जागेवर उभं राहून विक्री केली पाहिजे. तसं न झाल्यास जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाईल.

नीनाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चार आठवडे ८ फेब्रुवारीला भरत होते. मध्ये एकच शनिवार होता, ३ तारखेचा. दहनाचा दुसरा दिवस.

तिने बाजाराच्या अधिकाऱ्याला, कॉलिन प्रॅटला, स्वतः फोन केला. कॉलिन चांगला माणूस होता. उल्हास त्याला "इन्स्पेक्टरसाहेब" म्हणून चिडवायचे.

"नियम मी केलेला नाही, मिसेस पतंगे," तो म्हणाला. "सवलत कमिटी देऊ शकते, पण कमिटी बसते मार्चमध्ये. आणि यादीत अकरा जण आहेत. सतरा नंबर म्हणजे कोपऱ्याची जागा, घड्याळाखालची. त्यातले चार जण दर आठवड्याला मला फोन करतात."

"म्हणजे शनिवारी."

"शनिवारी. आठच्या आत. आठला रिकामी दिसली तर त्या दिवसापुरती मी ती दुसऱ्याला देतो, तुम्हाला माहीतच आहे."

दहन शुक्रवारी दुपारी झालं. गावातली सव्वाशे माणसं आली होती. भावजींनी मंत्र म्हटले, मालविकाने फुलं वाहिली. चार वाजता सगळे घरी आले आणि स्वयंपाकघरात बसले. नीनाने चहा टाकला, भावजींसमोर कप ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं, "भावजी, उद्या मी बाजारात जाणार आहे."

भावजींनी कप उचललाच नाही. "उद्या? उद्या अस्थी आणायच्या आहेत."

"त्या सकाळी नऊला मिळतील. तुम्ही आणि मालविका जा."

"नीना, लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? हाउन्सलोचे की इथले?"

"शब्दात पकडू नकोस. म्हणतील, नवऱ्याला काल अग्नी दिला आणि आज ही दुकान मांडून बसली! आमच्या आईने वर्षभर उंबरा ओलांडला नव्हता."

"आईंचा उंबरा कोणी दुसऱ्याला देणार नव्हतं, भावजी. माझी जागा देतील."

"दिली तर दिली! मालविका कमावते. तुला काय कमी आहे?"

इथे मालविका मध्ये पडली. तिचं मराठी हॅडनफर्डमध्ये वाढलेलं. "काका, इट्स नॉट अबाउट पैसा. ती जागा बाबाची आहे. आणि आईची जास्त आहे. तो बोलायचा, ही काम करायची. एव्हरीबडी नोज."

"तू गप्प बस. सुतक तुलाही आहे."

"मला सगळे आहे काका, सुतक पण, आणि डोके पण."

नीनाने तिला हाताने थांबवलं. भावजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पाणी रागाचं नव्हतं, हे तिला दिसत होतं. म्हणून ती आवाज न चढवता बोलली. "भावजी, दहा दिवस मी सगळं पाळीन. एकदा पाळलं, आता दुसऱ्यांदा पाळीन. जेवण, अंथरूण, देव, सगळं. मालाला हात लावणार नाही, सुईला शिवणार नाही. पण शनिवारी मी त्या जागेवर उभी राहणार. ह्यांनी बत्तीस वर्षं तिथे उभं राहून ती मिळवली. मी तीन शनिवार घरात बसून ती घालवणार नाही."

"मालाला हात न लावता विकणार कशी?"

"ते माझं मी बघते."

"मग दहाव्याला माझी वाट बघू नकोस," भावजी म्हणाले आणि उठून पुढच्या खोलीत गेले. चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

शनिवारी सकाळी साडेपाचला नीना तयार होती. पांढरी साडी, वर उल्हासचा जाड कोट, पायात बूट. गाडी दारात उभी होती, पण ती उल्हास चालवत. नीना कधी शिकली नाही आणि गाडीच्या विम्यात मालविकाचं नाव नव्हतं. मालविका जिन्यावरून म्हणाली, "माझ्या कारमध्ये चल ना आई. एवढे डबे तू एकटी कशी नेणार?"

"ट्रॉलीतून. तू काकांबरोबर अस्थींना जा. दहाव्याला तुला त्यांच्या शेजारी बसायचंय. माझ्यापायी तुमचं बिनसायला नको."

"ते येणार नाही बोलले."

"बोलले ते काल. तू जा."

ट्रॉलीत बारा डबे मावले. झाकणं बंद होती. डब्याला हात लागतो, मालाला नाही, असा तिने हिशोब लावला होता. हिशोब थोडा लंगडा आहे, हे तिला कळत होतं, पण चालत होता. घर ते चौक वीस मिनिटांचा रस्ता. वाटेत नदीवरचा पूल आहे, त्याच्या चढावर तिला दोनदा थांबावं लागलं. पुलावर बर्फाचा पातळ थर होता. डबे चौकात शेजारच्या स्टॉलवरच्या मॉरीनच्या ताब्यात ठेवून ती परत फिरली, पुन्हा बारा डबे भरले, वर लेस आणि लोकरीच्या टोपल्या बांधल्या, पुन्हा पूल चढली. दुसऱ्या खेपेला गुडघे बोलायला लागले. तिने त्यांना बोलू दिलं.

मॉरीन शेजारच्या अठरा नंबरवर चीज विकते. साठीची, दांडगी, तोंडाने फटकळ. "आलीस परत?" ती म्हणाली. "मी कॉलिनला सांगितलंच होतं, ती येईल, नाही आली तर माझं सगळं चीज मीच खाईन. बरं, आता उघडू का हे?"

"उघड. मला हात लावायचा नाही."

"का? हाताला काय झालं?"

नीनाने तिला सांगितलं. आमच्यात माणूस गेल्यावर दहा दिवस घरच्यांनी धंद्याच्या वस्तूला शिवायचं नसतं. एरवी आम्ही दुकानच उघडत नाही. आज नाइलाज आहे. मॉरीनने कंबरेवर हात ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "माझा बाप वारला तेव्हा आईने आठवडाभर घड्याळं बंद ठेवली होती. कळलं मला." तिने चोवीस झाकणं उघडली आणि नीना बोट दाखवील तसे डबे मांडले. शिंपल्याचे पुढे, धातूचे मागे, कोटाचे डावीकडे. पाऊण तासात स्टॉल लागला. आठला दहा मिनिटं असताना कॉलिन वही घेऊन आला.

नीना सतरातल्या सातच्या पुसट पायावर उभी होती. हात कोटाच्या खिशात.

कॉलिनने टेबलाकडे पाहिलं, तिच्या खिशांकडे पाहिलं. मॉरीनने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तो परत आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "नियमात लिहिलंय जागेवर स्वतः उभं राहून विक्री. हातांचं काही लिहिलेलं नाही. तुम्ही उभ्या आहात. आता विक्री झाली की मी लिहितो."

मॉरीनने खोक्याच्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहून तो टेबलाला टेकवला. मिसेस पतंगे शोकात आहेत, आपलं आपण घ्या, पैसे वाडग्यात.

आणि गाव आलं. नऊ वाजेपर्यंत टेबलासमोर रांग होती. लोक आपापली बटणं निवडत होते, आपापली लेस कापत होते. एक जण लेस वाकडी कापून ओशाळला आणि सरळ करायला गेला, ती आणखी वाकडी झाली. एका बाईने डब्यातली बटणं दुसऱ्याच डब्यात टाकली. नीना हात खिशातच ठेवून तोंडाने सांगत राहिली. "डावीकडचा डबा. नाही, त्याच्या मागचा. झाकणावरचा नमुना बघा." खाटीक आता म्हातारा झाला होता, त्याने ॲप्रनसाठी एक बटण घेतलं आणि टोपी काढून उभा राहिला. कॉलिनने वहीत लिहायला पेन काढलं, पण अजून काही लिहिलं नाही. "लोक आपलं आपण घेताहेत, याला तुमची विक्री म्हणायचं का? दुपारपर्यंत बघू," म्हणाला. नियमाचा माणूस.

साडेदहाला मिस पेग व्हिटलॉक आल्या. वय सत्त्याऐंशी. पूर्वी शाळेत शिवण शिकवत. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही, बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली. दर महिन्याला येणार आणि प्रत्येक वेळी काहीतरी नाव ठेवणार. त्यांना पुठ्ठा दिसला नाही. त्यांनी थेट नीनाच्या दिशेने मूठ पुढे केली.

"हे आईच्या कोटाचं आहे. अर्धं तुटलंय. बाकीची चार शाबूत आहेत. याच्या जोडीचं दे."

मॉरीन ओरडली, "पेग, आज तिला हात लावायचा नाहीये! मी शोधते."

"तू? तुला चीज आणि साबणातला फरक कळत नाही."

मॉरीनने तीन बटणं काढून दाखवली. मिस व्हिटलॉकनी प्रत्येकावरून अंगठा फिरवला. "नाही. नाही. हे तर प्लास्टिक आहे, लाज वाटू दे." रांगेतल्या आणखी दोघांनी प्रयत्न केला. मिस व्हिटलॉकनी तुटकं बटण पुन्हा मुठीत धरलं. "राहू दे मग," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तू आहेस म्हणजे मिळेल."

नीनाचे हात खिशात होते. समोर, रस्त्याच्या पलीकडे, बँकेच्या दाराशी काळा ओव्हरकोट घातलेला एक उंच म्हातारा उभा होता आणि त्याच्या शेजारी मालविका. ते कधी आले, तिला कळलं नव्हतं. मालविकाने छातीशी एक निळी पिशवी धरली होती. पिशवीत काय आहे, हे सांगायला नको होतं. भावजी नीनाकडेच बघत होते.

नीनाने हात बाहेर काढले. मिस व्हिटलॉकच्या मुठीतून तुटकं बटण घेतलं, डोळे मिटले, बोटांत फिरवलं. शिंगाचं. दोन भोकांचं. मागे खोबण. कारखान्याच्या मालातलं नाही, त्याच्याही आधीचं. मग तिने डोळे न उघडता डावीकडच्या तिसऱ्या डब्यात हात घातला, ती जुनी सुटी बटणं ठेवत असे त्या तळाशी चाचपडलं आणि एक बटण काढून त्या वाकड्या बोटांत ठेवलं.

मिस व्हिटलॉकनी अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. "हं," त्या म्हणाल्या. "कड थोडी जाड आहे." त्यांच्याकडून एवढी स्तुती गावात कोणाला मिळाली नव्हती. त्यांनी वाडगा शोधला, नाणं टाकलं आणि काठी टेकत निघून गेल्या.

कॉलिनने वही उघडली आणि लिहिलं.

भावजी रस्ता ओलांडून आले. अस्थी जवळ होत्या म्हणून मालविका पलीकडेच थांबली. भावजी टेबलासमोर उभे राहिले तशी रांग आपोआप मागे सरकली.

"शब्द दिला होतास," ते मराठीत म्हणाले.

"दिला होता. मोडला. मुद्दाम मोडला, चुकून नाही. दोष माझा, तुमच्या भावाला लागायचा नाही."

"तीन माणसांना नाही सापडलं. मी बघत होतो."

"नाही सापडलं."

"तो असता तर?"

"ह्यांनाही नसतं सापडलं, भावजी. ह्यांनी मलाच हाक मारली असती."

तेवढ्यात मनोऱ्याच्या बाजूने वारा सुटला, मागची ताडपत्री फडफडून दोरीतून सुटली आणि लोकरीच्या टोपल्यांवर येऊन आपटली. मॉरीन धावली, पण भावजींनी आधी हात घातला. त्यांनी ताडपत्रीचं टोक धरून ठेवलं. मॉरीनने दोरी बांधली तरी त्यांनी ते सोडलं नाही.

"भावजी, अस्थी घेऊन घरी जायचंय ना?"

"मालविका नेईल. शहाणी आहे ती." मग थोडं थांबून, चढ्या आवाजात, "आणि ताडपत्री म्हणजे माल नव्हे. बघतेस काय?"

"मी कुठे काय म्हटलं?"

दुपारी दोनला बाजार उठेपर्यंत ते तसेच उभे होते. मॉरीनने त्यांना चीजचा तुकडा देऊ केला. सुतकात चालत नाही म्हणाले. अर्ध्या तासाने तिने पुन्हा विचारलं, तेव्हा घेतला.

११ तारखेला, रविवारी, दहावं झालं. नदीकाठी भावजी आणि मालविका शेजारी शेजारी बसले होते. पण त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. शनिवार, १० फेब्रुवारी. सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी नीना ट्रॉली ओढत दाराबाहेर आली, तर उल्हासची गाडी चालू होती. काचेवरचं बर्फ खरवडून झालं होतं. मागे बाकीचे सगळे डबे भरलेले होते, गेल्या शनिवारी घरीच राहिलेले एकोणीसही. आणि चालकाच्या जागेवर, हातात लोकरीचे मोजे घालून, काळ्या ओव्हरकोटात शशिकांत भावजी बसले होते. विम्यात नाव आदल्याच दिवशी घालून घेतलं होतं.

"मी मालाला हात लावणार नाही," त्यांनी काच खाली करून बजावलं. "अजून दोन दिवस आहेत. मोज्यांनी डबे उचलले, एवढंच."

"बरं."

"आणि ट्रॉली तिथेच ठेव. पूल घसरडा आहे."

नीनाने ट्रॉलीतले डबे मागे ठेवले, शेजारी बसून पट्टा लावला आणि मांडीवर हात ठेवले. गाडी निघाली. कौन्सिलचा नवा परवाना तिच्या पर्समध्ये होता. त्यावर नाव होतं, नीना उल्हास पतंगे, जागा क्रमांक सतरा. पोचल्यावर ती आधी तो दोऱ्याने टेबलाच्या खांबाला बांधणार होती. सुई न वापरता. अजून दोन दिवस होते.